झोपेत होणारा त्रास: ओळखावा कसा, हाताळावा कसा

छातीवर दडपण येऊन जाग येणे, डोळे उघडे असूनही हातपाय न हलणे, किंचाळत उठून बसणे, एकच भयानक स्वप्न पुनःपुन्हा पडणे, डोळा लागता लागता अंगाला जोराचा हिसका बसणे, अशा निरनिराळ्या तक्रारी असलेली माणसे बहुधा एकच वाक्य बोलतात: "रात्री मला काहीतरी होतं." या 'काहीतरी'ची फोड करणे हे पहिले काम होय, कारण यांतला प्रत्येक त्रास झोपेच्या वेगवेगळ्या टप्प्यात होतो, त्याची कारणे वेगळी असतात आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्याला निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरतो. भयस्वप्नातून उठलेल्या माणसाला पूर्ण जागे करून धीर देणे योग्य असते; झोपेतच किंचाळणाऱ्या मुलाला गदागदा हलवून जागे करू गेले, तर प्रसंग आणखी चिघळतो. ज्यांना असा त्रास नुकताच सुरू झाला आहे आणि सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

काही लक्षणांच्या बाबतीत मात्र लेख बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे. छातीत दुखून ती कळ हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, पूर्ण जाग आल्यावरही एका बाजूचा हात किंवा पाय लुळा राहणे, बोलणे अडखळणे, झोपेत पहिल्यांदाच झटके येणे, या गोष्टींना 'वाईट स्वप्न पडले असेल' असे म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीला रात्री दरदरून घाम फुटून, धडधडत जाग आली, तर आधी रक्तातील साखर तपासावी, कारण साखर उतरल्यानेही नेमकी अशीच घाबरगुंडी उडते. आणि रात्रीच्या या त्रासाला कंटाळून जीव नकोसा वाटू लागला असेल, तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

पहिली पायरी: झोप कशी चालते हे समजून घ्या

रात्रभराची झोप एकसारखी नसते. हलकी झोप, गाढ झोप आणि रेम झोप यांचे साधारण ९० मिनिटांचे फेरे रात्रीतून चार ते सहा वेळा होतात. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी रेम झोपेचे वर्णन प्रसिद्ध केले; या झोपेत बंद पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात, मेंदू जवळजवळ जागेपणीइतका कार्यरत असतो आणि ठळक, कथानक असलेली स्वप्ने प्रामुख्याने याच वेळी पडतात. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, पण अंथरुणात शरीर हलत नाही, कारण रेम झोपेत मेंदू हातापायांच्या स्नायूंकडे जाणारे संदेश रोखून धरतो; श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू तेवढे काम करत राहतात.

येथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एकच आहे. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात जास्त असते, तर रेम झोप पहाटेकडे वाढत जाते. म्हणूनच 'किती वाजता झाले' हा प्रश्न 'काय झाले' याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

दुसरी पायरी: दोन आठवडे नोंद ठेवा

उशाशी एक वही ठेवावी. मोबाइलमध्ये नोंद करण्याचा मोह टाळावा, कारण पडद्याचा उजेड आणि त्यामागोमाग वाचले जाणारे निरोप उरलीसुरली झोपही घालवतात. रात्री फार लिहायचे नाही. चार शब्द पुरतात, बाकीचे सकाळी भरावे. एक नोंद साधारण अशी असते: "पहाट. उताणा होतो. हलता येईना, दाराशी कोणीतरी उभे असल्यासारखे. मिनिटभर. सगळे आठवते. आदल्या रात्री जागरण." एवढ्या ओळींत निदानाला लागणारे जवळजवळ सगळे आले: वेळ, शरीराची स्थिती, हालचाल होती की नव्हती, प्रसंग किती वेळ टिकला, तो आठवतो का, आणि आदल्या दिवशी काय घडले. दिवसभरात चहा-कॉफी केव्हा घेतली, मद्य घेतले का, नवे औषध सुरू झाले किंवा जुने बंद झाले का, हेही टिपावे. प्रसंग न घडलेल्या रात्रींचीही नोंद करावी. ती सहसा कोणी करत नाही, आणि आपला त्रास रोजचा नसून ठरावीक परिस्थितीत उफाळतो हे कळते ते मात्र त्याच नोंदींमुळे.

तिसरी पायरी: आपला प्रकार ओळखा

पूर्ण भान आहे, खोली दिसते आहे, पण शरीर हलत नाही, हाक मारता येत नाही, असे झोप लागताना किंवा जाग येताना घडत असेल, तर ती बहुधा स्लीप पॅरालिसिसची अवस्था असते. रेम झोपेतली स्नायूंची शिथिलता मन जागे झाल्यावरही काही क्षण रेंगाळते. स्वप्नाचा अंशही सोबत रेंगाळत असल्यामुळे खोलीत कोणी असल्याचा भास, छातीवर ओझे ठेवल्याची जाणीव, किंवा आपण तरंगत आहोत, खाली पडत आहोत असे वाटणे, हे तिन्ही अनुभव जगभरचे लोक सांगतात. हे वेडाचे लक्षण नाही आणि ते दुर्मीळही नाही: २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी हा अनुभव घेतल्याचे आढळले, आणि विद्यार्थ्यांत हे प्रमाण बरेच जास्त होते. श्वास कोंडल्यासारखा वाटतो, कारण त्या वेळी मुद्दाम दीर्घ श्वास घेता येत नाही. श्वासपटलाचे काम मात्र चालूच असते आणि शरीराला हवा मिळत असते.

भयस्वप्न सहसा रात्रीच्या उत्तरार्धात पडते, माणूस चटकन पूर्ण जागा होतो आणि स्वप्न तपशिलासकट आठवते. नाइट टेरर याच्या नेमका उलट असतो: झोपल्यावर दोन-तीन तासांच्या आत, गाढ झोपेतून, एकाएकी किंकाळी, विस्फारलेले डोळे, घाम, धडधड, जवळ घ्यायला जावे तर मूल ओळख दाखवत नाही, आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. हा त्रास प्रामुख्याने लहान मुलांना होतो आणि वयाबरोबर बहुतेकांचा जातो. त्याची खरी झळ मुलापेक्षा आईवडिलांनाच अधिक लागते.

कोणतेही स्वप्न नसताना जीव घाबरा होऊन जाग येणे, श्वास अपुरा पडणे, 'आता मी मरणार' असे वाटणे आणि काही मिनिटांत त्याचा कळस होऊन तो ओसरणे, हा रात्रीचा पॅनिक अटॅक असू शकतो. तथापि हे नाव स्वतःहून लावून घेण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य दाखवावे. गुदमरून जाग येण्यामागे झोपेत श्वास अडणे म्हणजे स्लीप ॲप्निया, घशाशी येणारे आम्ल, दमा, हृदयाचे अनियमित ठोके किंवा थायरॉइडचा विकारही असू शकतो. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून मग धाप लागल्यासारखा सुरू होणे, सकाळी डोके जड असणे आणि दिवसा पेंग येणे हे एकत्र असेल, तर ॲप्नियाची तपासणी करून घ्यावी. केवळ मन शांत करण्याच्या उपायांवर महिनोन्‌महिने घालवू नयेत.

डोळा लागताना बसणारा हिसका निरुपद्रवी असतो. जागरण, ताण आणि कॅफिन यांमुळे तो वाढतो, एवढे जाणून त्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते. पोटरीत गोळा आला, तर पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढून धरावा. संध्याकाळनंतर, निवांत पडल्यावर पायांत विचित्र हुळहुळ होऊन ते हलवल्यावाचून राहवत नसेल, तर डॉक्टरांना सांगून शरीरातील लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासून घ्यावे. लोहाची कमतरता हे या त्रासाचे नेहमी आढळणारे आणि दुरुस्त होण्यासारखे कारण आहे.

चौथी पायरी: त्या क्षणी काय करावे

स्लीप पॅरालिसिसमध्ये सर्व शक्ती एकवटून उठण्याची धडपड करावीशी वाटते. ती करू नये, कारण स्नायू ऐकत नाहीत आणि ते ऐकत नाहीत या जाणिवेनेच भीती दुणावते. त्याऐवजी दिवसा पाठ करून ठेवलेले एखादे साधे वाक्य मनात म्हणावे: "ही रेम झोपेची शिथिलता आहे, मिनिटभरात जाईल." त्यानंतर समोरच्या भासाकडे पाहत न राहता, डोळे मिटता येत असतील तर मिटून, मन एखाद्या आवडत्या, जिव्हाळ्याच्या गोष्टीवर रोखावे, आणि शरीर हलवण्याऐवजी ते सैल सोडल्याची कल्पना करावी. अर्थ बदलणे, भीतीपासून अलग होणे, लक्ष आत वळवणे आणि स्नायू सैल सोडणे हा क्रम संशोधक बालंद जलाल यांनी सुचवला आहे. पायाचा अंगठा किंवा जीभ हळूच हलवल्याने सुटका होते, असेही अनेक जण सांगतात. मला विचाराल तर आधी शांत राहण्याचा मार्ग धरावा, आणि अंगठ्याची युक्ती वापरायचीच असेल तर एकदाच, जोर न लावता वापरावी.

सुटका झाल्यावर लगेच त्याच कुशीवर डोळे मिटू नयेत, कारण अर्धवट जागेपणातून पुन्हा त्याच अवस्थेत सरकणे सोपे असते. उठून बसावे, मंद दिवा लावावा, दोन घोट पाणी प्यावे, थोडे चालून यावे आणि मग कुशीवर झोपावे. उताणे झोपणाऱ्यांना हा अनुभव अधिक येतो.

पॅनिक अटॅकमध्ये श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यावे. नाकातून सावकाश श्वास घेऊन ओठांच्या चंबूतून त्याहून जास्त वेळ लावून सोडावा, पाय जमिनीवर टेकवावेत, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मनाशी घ्यावीत. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला पाळू नये. त्रास फुप्फुसाचा किंवा हृदयाचा निघाला तर तो धोक्याचा ठरतो.

भयस्वप्नानंतर पूर्ण जागे व्हावे. मी कोठे आहे, आज वार कोणता, शेजारी कोण झोपले आहे, हे स्वतःला सांगावे. स्वप्नाचा अर्थ लावण्याचे काम रात्री हाती घेऊ नये. नाइट टेररमध्ये मुलाला जागे न करता त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे, हलक्या आवाजात एखाद-दुसरा शब्द बोलावा आणि सकाळी त्याच्यापुढे त्याची चर्चा करू नये. आपण रात्री काहीतरी भयंकर करतो या विचाराने मूल झोपेलाच घाबरू लागते.

पाचवी पायरी: दिवसा करायचे काम

खरा फरक दिवसाच्या कामाने पडतो, रात्रीच्या युक्त्यांनी नव्हे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे, कारण बहुतेक जण नेमके हेच काम टाळतात: सकाळ झाली की रात्र विसरावीशी वाटते.

वारंवार पडणाऱ्या भयस्वप्नांसाठी 'इमेजरी रिहर्सल' नावाची पद्धत आहे. लैंगिक अत्याचारातून गेलेल्या स्त्रियांवर केलेला तिचा अभ्यास बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला आणि त्यात भयस्वप्ने कमी झाल्याचे दिसले. झोपतज्ज्ञ आजही भयस्वप्नांसाठी हीच पद्धत प्रथम सुचवतात. ती अशी करावी. दुपारी किंवा संध्याकाळी, झोपण्याच्या वेळेपासून दूर, वही घेऊन बसावे. सर्वांत भयानक स्वप्न निवडू नये. मध्यम त्रासाचे निवडावे. समजा, स्वप्नात एका अरुंद जिन्यावरून कोणीतरी मागे लागते, पायऱ्या संपत नाहीत आणि शेवटी पाय निसटतो. हे स्वप्न थोडक्यात लिहून काढावे आणि मग ते आपल्या मर्जीने बदलावे. बदल कोणता असावा याला नियम नाही. जिन्याला एक दार असू शकते, ते उघडून ओळखीच्या अंगणात जाता येईल. मागे येणारी व्यक्ती जवळ आल्यावर परिचित निघू शकते. किंवा जिना रुंद होत होत सपाट जमीन होऊ शकते. पाठलाग करणाऱ्याला मारून टाकण्यासारखा हिंसक शेवट मात्र शक्यतो घेऊ नये, त्याने मन शांत होण्याऐवजी पेटलेलेच राहते. नवे स्वप्न पूर्ण लिहावे आणि रोज दहा ते वीस मिनिटे डोळ्यांसमोर आणावे: दाराची कडी हाताला कशी लागते, उजेड कोठून येतो, अंगणातली फरशी पायाला कशी वाटते. जुने स्वप्न उगाळत बसू नये. काही आठवडे नेमाने हे केले की मूळ स्वप्न विरळ होते किंवा त्याची धार जाते. ते नव्या रूपात पडेलच असे नाही, आणि तसे पडण्याची गरजही नसते.

प्रत्यक्ष घडलेल्या आघाताचीच स्वप्ने पडत असतील, तर ही पद्धत एकट्याने करू नये. आघातावर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत. अशा स्वप्नांसाठी प्राझोसिन हे मूळचे रक्तदाबाचे औषध काही डॉक्टर देतात. मात्र माजी सैनिकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा अधिक दिसला नाही, त्यामुळे ते द्यावे की नाही हा निर्णय डॉक्टरांचाच असावा.

दुसरे काम झोपेच्या वेळांचे. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुट्टीच्या दिवशीही. झोपेची थकबाकी आणि बदलत्या वेळा स्लीप पॅरालिसिसला, झोपेत चालण्याला आणि नाइट टेररला खतपाणी घालतात. कॅफिनचा शरीरातला निम्मा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर ते बंद करावे. मद्याने झोप लवकर लागते हे खरे, पण ते पूर्वरात्री रेम झोप दडपते आणि पहाटे ती दामदुपटीने परतते. भडक स्वप्ने आणि घामाघूम होऊन येणारी जाग हा त्याचाच परिणाम. औषधांकडेही पाहावे. प्रोप्रानोलॉलसारखी काही रक्तदाबाची औषधे आणि नैराश्यावरची काही औषधे स्वप्ने तीव्र करतात, मात्र ती मनाने बंद करू नयेत, कारण एकदम थांबवल्याने हृदयाला आणि मनाला दोन्हीकडे धोका असतो. मुलाचा नाइट टेरर रोज ठरावीक वेळी येत असेल, तर त्याआधी पंधरा ते तीस मिनिटे त्याला हलकेच अर्धवट जागे करून पुन्हा झोपवावे. दोन ते चार आठवडे असे केल्याने ही साखळी बऱ्याचदा तुटते.

सहावी पायरी: झोपेची धास्ती

अनेकांच्या बाबतीत मूळ त्रास महिन्यातून एखाद-दोनदा होतो, पण धास्ती मात्र रोज संध्याकाळपासून सुरू होते. मग माणूस झोप लांबवतो, दिवा आणि टीव्ही चालू ठेवून पडतो, दर तासाला घड्याळ पाहतो. अशाने झोप तुटते आणि तुटलेल्या झोपेमुळे त्रास खरोखरच वाढतो. या चक्रात सापडलेल्या माणसाला "घाबरू नकोस" असे सांगून काही उपयोग नसतो. त्याला करण्यासारखे काहीतरी द्यावे लागते. झोप आल्यावरच अंथरुणावर जावे. वीसेक मिनिटे झाली असावीत असे वाटूनही डोळा लागला नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी शांत काम करावे आणि पेंग आल्यावर परतावे. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवावे. अंथरूण आणि जागरण यांची मनात पडलेली गाठ सोडवण्याची ही रीत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडली आणि निद्रानाशावरील मानसोपचारात ती आजही वापरली जाते. पहिले काही दिवस झोप उलट कमी झाल्यासारखी वाटते. त्या दिवसांत माघार घेऊ नये. मात्र ज्यांना फिट्स येतात, झोपेत चालण्याची सवय आहे किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार आहे, त्यांनी झोप कमी करणारा कोणताही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. दिवसाचा काही वेळ ठरवून, वहीत चिंता उतरवून काढण्याचाही चांगला उपयोग होतो, कारण दिवसभर बाजूला सारलेले विचार अंधारातच डोके वर काढतात.

डॉक्टरांकडे जाताना

आठवड्यातून एकदा किंवा अधिक वेळा त्रास होत असेल, दिवसाचे काम बिघडत असेल, किंवा झोपेत स्वतःला वा शेजारच्याला इजा होत असेल, तर थांबू नये. यांतही एका प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे: पन्नाशीनंतर स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे, गुद्दे मारणे, ओरडणे, पलंगावरून पडणे. रेम झोपेतली स्नायूंची शिथिलता हरवल्याने होणाऱ्या या विकाराचे वर्णन अमेरिकेतील मिनेसोटात कार्लोस शेंक आणि मार्क मॅहोवाल्ड यांनी १९८६ साली केले. काही वेळा तो औषधांमुळे होतो, तर काहींमध्ये पुढे अनेक वर्षांनी होणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजाराची ती पूर्वसूचना असते, म्हणून न्यूरोलॉजिस्टना दाखवणे टाळू नये. तोवर पलंग बुटका करावा किंवा गादी जमिनीवर घालावी, टोकदार आणि काचेच्या वस्तू दूर ठेवाव्यात आणि जोडीदाराने काही काळ वेगळे झोपावे. झोपेत जीभ चावली जाणे, अंथरुणात लघवी होणे आणि प्रत्येक प्रसंगी अगदी तीच हालचाल होणे यांवरून फिट्सची शंका घेतली जाते. दिवसा अनावर झोप येणे आणि हसताना गुडघे किंवा मान एकाएकी ढिली पडणे यांची जोड स्लीप पॅरालिसिसला असेल, तर नार्कोलेप्सी या झोपेच्या विकाराची तपासणी करतात.

सोबत वही, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि शक्य असल्यास शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला न्यावे, कारण झोपेत आपण काय करतो ते आपल्यापेक्षा तिलाच अधिक ठाऊक असते. तिने मोबाइलवर घेतलेले मिनिटभराचे चित्रण तोंडी वर्णनापेक्षा कितीतरी अधिक सांगून जाते. ते घेण्यापूर्वी तुमची संमती मात्र तिने जागेपणीच विचारून ठेवावी. डॉक्टरांनी पॉलिसोम्नोग्राफी सुचवली, तर घाबरण्यासारखे काही नसते. त्यात रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, रक्तातील ऑक्सिजन, हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल टिपली जाते. तारा त्वचेवर चिकटवलेल्या असतात, सुई टोचत नाहीत, आणि तपासणीच्या रात्री नेमका प्रसंग घडला नाही, तरी श्वासाचे अडथळे आणि स्नायूंची स्थिती त्या नोंदीत बहुधा दिसून येते.